‘ते सगळं एडिट केलेलं असतं’ एवढं सांगून का भागत नाही

तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी आधी सुट्या करून घेते. मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या वर्षापर्यंत बास्केटबॉल मन लावून खेळायची, आता जायलाच नको म्हणते. ताटात कमी वाढून घेते, फोटो काढायची वेळ आली की सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहते आणि मेकअपचे, ‘फिट’ होण्याचे व्हिडिओ तासन्‌तास बघत बसते. हे सगळं फिल्टर लावलेलं, एडिट केलेलं असतं हे तुम्ही तिला समजावून सांगितलंत. त्यावर ती म्हणाली, ‘मला माहीत आहे गं आई.’ आणि फरक काहीच पडला नाही. म्हणून तुम्ही विचारता आहात की हा वयाचाच भाग आहे की माध्यमांचा परिणाम, आणि फोन काढून घ्यावा का.

मी बरीच वर्षं शाळकरी मुलामुलींचं समुपदेशन करते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिच्या त्या एका वाक्यात दडलेला आहे. तिला माहीत आहे, तरी फरक पडत नाही. असं का होतं ते नीट कळलं की फोनचं काय करायचं हे ठरवायला सोपं जातं.

पण त्याआधी जेवणाबद्दल, कारण ती गोष्ट थांबू शकत नाही. वाढत्या वयात वजन घटणं काळजीचं आहेच, पण उंची वाढत असताना वजन महिनोन्‌महिने जागच्या जागी राहणं हेसुद्धा तितकंच गंभीरपणे घ्यायचं. सुरू झालेली पाळी थांबली, चक्कर येते, सारखी थंडी वाजते, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाते, एक दिवस व्यायाम चुकला तर कासावीस होते, खाल्ल्याचं खोटं सांगते, यातलं काहीही दिसत असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘अंगाने तर चांगली भरलेली आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका, खाण्याचे विकार कुठल्याही वजनाच्या मुलीला होऊ शकतात. तसं काही निघालंच, तर या वयात बहुतेक वेळा जेवणाची सूत्रं काही काळ आईवडिलांनी स्वतःच्या हातात घ्यावी लागतात. ‘तिचं ती ठरवेल’ असं म्हणून सोडून देता येत नाही. हे कसं करायचं ते डॉक्टर आणि समुपदेशक सांगतील. यातलं काही नसेल तर आपल्याला शांतपणे विचार करायला वेळ आहे.

आता, वय की माध्यमं? वयात येताना मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, विशेषतः कंबर, मांड्या आणि छातीभोवती. हे वाढीचंच काम आहे, पाळी नियमित व्हायला ती चरबी लागते. गंमत अशी नाही, दुःख असं आहे की याच वर्षांत मुलींपुढे ठेवलेला आदर्श मात्र सडपातळ, लांब हातापायांचा, सपाट पोटाचा असतो. म्हणजे निरोगी मुलगी रोज जसजशी वाढते, तसतशी त्या चित्रापासून दूर जाते. मुलग्यांचं उलट होतं. त्यांचे खांदे रुंदावतात, स्नायू दिसायला लागतात, ते त्यांच्यापुढच्या चित्राच्या जवळ जातात. (मुलगे यातून सुटलेत असं अजिबात नाही. खेळण्यातल्या सैनिक बाहुल्यांचे दंड आणि छाती काही दशकांत कशी फुगत गेली ते संशोधकांनी १९९९ मध्ये मोजून दाखवलं होतं, आणि स्नायूंच्या मागे लागलेले मुलगे माझ्याकडे येतात. पण तो स्वतंत्र विषय आहे.) शिवाय हे वयच असं असतं की आपण इतरांना कसे दिसतो हा प्रश्न डोक्यातून जात नाही. तेव्हा वयाचा वाटा आहेच. पण अंगात होणारा बदल ‘दोष’ म्हणून बघायचा की ‘वाढ’ म्हणून, हे वय शिकवत नाही. ते बाहेरून शिकवलं जातं.

हे शिकवणं फोनपेक्षा पुष्कळ जुनं आहे. अमेरिकेत १९४४ मध्ये ‘सेव्हन्टीन’ हे खास किशोरवयीन मुलींसाठीचं मासिक निघालं. त्या मासिकाने वाचक मुलींची सर्वेक्षणं केली, त्यातून ‘टीना’ नावाची एक नमुनेदार मुलगी उभी केली आणि ती जाहिरातदारांपुढे ठेवली. हिला काय आवडतं, ही कशावर खर्च करते, हिला काय विकता येईल. ब्रिटनमध्ये १९६४ पासून १९९३ पर्यंत ‘जॅकी’ हे मुलींचं साप्ताहिक चालत होतं. ब्रिटिश अभ्यासक अँजेला मॅकरॉबी यांनी १९७८ मध्ये त्याचा बारकाईने अभ्यास केला. प्रेमकथा, घरगुती आणि खासगी आयुष्याबद्दलचा सल्ला, फॅशन आणि सौंदर्य, पॉप संगीत हे त्याचे मुख्य धागे होते. त्यांचं निरीक्षण असं की या सगळ्यातून मुलीचं एक छोटंसं जग आखून दिलं जातं. त्या जगात तिचं मुख्य काम म्हणजे कुणालातरी आवडणं, त्यासाठी स्वतःला तयार करत राहणं, आणि दुसरी मुलगी म्हणजे मैत्रीण कमी, स्पर्धक जास्त.

तेव्हाचं आणि आजचं यांत फरक आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. तेव्हा मुलीला उघडच सांगितलं जायचं की ‘तो’ तुझ्याकडे बघावा म्हणून असं कर. आज तसं कुणी म्हणत नाही. आज सांगतात, ‘स्वतःसाठी कर’, ‘स्वतःवर प्रेम कर’, ‘आत्मविश्वास वाढव’, ‘तुझं बेस्ट रूप बाहेर काढ’. करायच्या गोष्टी मात्र त्याच राहिल्या आहेत : कमी करा, घट्ट करा, लपवा, गुळगुळीत करा. जुन्या भाषेला एखादी मानी मुलगी ‘मला नाही कुणाला दाखवायचं’ म्हणून झिडकारू तरी शकायची. नव्या भाषेला नकार द्यायचा म्हणजे स्वतःवरच प्रेम करायला नकार दिल्यासारखं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला हा पेच सुटत नाही. मोठ्यांनाही कुठे सुटतो?

एक उदाहरण घेऊ. ‘हिप डिप्स’ हा शब्द तुमच्या मुलीला नक्की माहीत असेल, तुम्हाला कदाचित नसेल. कमरेच्या हाडाखाली, मांडी सुरू व्हायच्या आधी बाजूला जो हलका खळगा असतो त्याला हे नाव पडलं. नाव पडलं की तो दोष ठरला, आणि दोष ठरला की तो ‘घालवायचे’ व्यायाम दाखवणारे व्हिडिओ आले. मुलींच्या गटात हा विषय निघाला की मी त्यांना उभं करते. हात कमरेच्या हाडावर ठेवा. आता हळूहळू खाली आणा. बाजूला मांडीच्या हाडाचं वरचं टोक लागतंय का? मधे बोटं जिथे आत जातात तोच तुमचा हिप डिप. दोन हाडांमधली जागा आहे ती. कमरेचं हाड किती रुंद, मांडीचं हाड कुठल्या कोनात बसलंय, यावर तो खळगा अवलंबून असतो आणि कुठल्याही व्यायामाने हाडांची जागा बदलत नाही. ‘थाय गॅप’चंही, म्हणजे पाय जुळवून उभं राहिल्यावर दोन मांड्यांमध्ये राहणाऱ्या फटीचंही, बरंचसं तसंच. मुली आधी खिदळतात, मग शांत होतात, मग एखादी चिडून विचारते, ‘मग हे लोक व्यायाम कशाला शिकवतात?’ तो राग मला हवा असतो. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता मूळ मुद्दा. आपल्याला वाटतं की मुलगी चित्र बघते, चित्राला खरं मानते आणि तसं व्हायला जाते. तसं असतं तर ‘चित्र खोटं आहे’ हे सांगून काम झालं असतं. पण माध्यमांतून तिला सगळ्यात खोल काही मिळत असेल, तर ती एक सवय असते : स्वतःच्या शरीराकडे सतत बाहेरून, बघणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत राहण्याची. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये हा विचार नीट मांडला. दुसऱ्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलामुलींना एका खोलीत एकेकट्याने कपडे घालून बघायला सांगितलं. काहींना स्वेटर, काहींना पोहण्याचा पोशाख. खोलीत आरसा होता, दुसरं कुणीही नव्हतं. ते कपडे अंगावर असतानाच त्यांना गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी गणितं जमली. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. प्रयोग छोटा होता, त्यावर सगळा डोलारा उभा करू नये. पण जे मी रोज बघते त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो. बघणारं कुणी नसतानाही मुलीच्या मनाचा एक तुकडा पहाऱ्यावर उभा असतो.

एका मुलीने एकदा माझ्यासमोर फोनमधली गॅलरी उघडली. (ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते आहे.) मैत्रिणींबरोबर फिरायला गेली होती, तिथले एकाच जागी काढलेले फोटोंचे झुबकेच्या झुबके. मी विचारलं, मागे दिसतंय ते काय आहे? तिला सांगता येईना. फोटोंबद्दल मात्र ती भराभर बोलत होती. यात दंड जाड दिसतोय. यात हनुवटी बरी आलीय पण पोट आत घ्यायला विसरले. हा टाकता आला असता, पण खांदा वाकडा आहे. मी म्हटलं, या वेळी सगळ्या कशाला हसत होतात? ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘मला नाही आठवत, मॅडम. मी श्वास धरून उभी होते.’

म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट व्हिडिओ नाहीत, बास्केटबॉल सोडणं ही आहे. खेळताना शरीर दिसण्यासाठी नसतं, ते काहीतरी करत असतं. धावतं, उडी मारतं, घाम गाळतं. आपल्याला बाहेरून बघत राहण्याची सवय जडली की नेमकं हेच अवघड होऊन बसतं, कारण पळताना अंग हलतं, चेहरा लाल होतो, कपडे सरकतात. मुलगी खेळ सोडते आणि जिथे शरीराचा दुसरा अनुभव मिळत होता ती जागाच हातातून जाते.

हे सगळ्याच मुलींचं होतं का? नाही. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि तुम्ही घाबरून जाऊ नये म्हणून हे सविस्तर सांगते.

एका बाजूला फिजी या पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या देशाचं उदाहरण आहे. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे भरलेलं अंग चांगलं मानायची पद्धत होती. संशोधक ॲन बेकर यांनी टीव्ही आल्याआल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्याबद्दलच्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी आधी नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. मुलाखतींमध्ये मुली फक्त ‘तशी सुंदर व्हायचंय’ असं म्हणत नव्हत्या. टीव्हीवरच्या त्या बारीक बायका नोकरी करतात, यशस्वी असतात, म्हणून आपणही बारीक व्हायला हवं, असं त्यांना वाटत होतं. हे लक्षात घेण्यासारखं आहे. मुली उथळ असतात म्हणून दिसण्याच्या मागे लागतात, असं नाही. पुढे जायचा रस्ता शरीरातून जातो, असं त्यांना दाखवलं जातं.

दुसऱ्या बाजूला, मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. २१९ किशोरवयीन मुलींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि १५ महिने एका फॅशन मासिकाची वर्गणी भरून दिली, बाकीच्यांना दिली नाही. सगळ्या मुली मिळून बघितलं तर टिकाऊ परिणाम दिसला नाही. पण ज्या आधीच स्वतःच्या शरीरावर नाराज होत्या, ज्यांच्यावर बारीक व्हायचा दबाव होता किंवा ज्यांना जवळच्यांचा आधार कमी होता, त्यांच्यावर वाईट परिणाम झाला. माझा अनुभव हेच सांगतो. तेच व्हिडिओ दोन बहिणी बघतात, एक हसून पुढे जाते आणि दुसरी रात्रभर त्यात अडकते. तेव्हा ‘माध्यमं वाईट आहेत का’ यापेक्षा ‘माझी मुलगी आत्ता कुठे उभी आहे’ हे बघणं जास्त उपयोगाचं. तिला कुणी वजनावरून चिडवतं का? तिची पाळी मैत्रिणींपेक्षा लवकर सुरू झाली का? लवकर वयात येणाऱ्या मुलींना हे सगळं जास्त जड जातं, कारण वर्गात त्या एकट्याच वेगळ्या दिसतात. जवळची मैत्रीण सध्या दुरावली आहे का?

फोनने मात्र मासिकापेक्षा दोन गोष्टी वाढवल्या. मासिकातली मॉडेल दूरची असायची. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच म्हटलं होतं की माणूस स्वतःची तुलना शक्यतो आपल्यासारख्यांशी करतो. आता तुलना वर्गातल्या मुलीशी होते, आणि तिचाही फोटो झुबक्यातून निवडलेला, फिल्टर लावलेला असतो. दुसरं म्हणजे मुलगी आता फक्त वाचक राहिली नाही, स्वतःचा चेहरा स्वतःच एडिट करते आणि मग आरशात मूळ चेहरा बघते. २०२१ मध्ये फेसबुकची (इन्स्टाग्राम त्याच कंपनीचं) अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यातल्या एका पाहणीत असं होतं की शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं. ‘आधीच वाईट वाटत असताना’ हे शब्द इथेही आहेतच. शिवाय एखाद्या व्हिडिओवर जरा थांबलं की फोन तसलेच आणखी आणून देतो. म्हणजे ज्या मुलीला ते कमीत कमी दिसायला हवेत तिलाच ते सगळ्यात जास्त दिसतात.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की ‘एडिट केलेलं आहे’ हे सांगणं का पुरत नाही. फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं असेल तर तशी सूचना छापणं बंधनकारक केलं, नॉर्वेतही २०२२ पासून तसा कायदा आहे. हेतू चांगला आहे, फसवणूक होऊ नये हे बरोबरच. पण अशा सूचनांमुळे बघणारीला स्वतःबद्दल बरं वाटतं का, हे तपासणारे बरेच प्रयोग झाले आणि बहुतेकांमध्ये तसा फायदा दिसला नाही. तुलना क्षणात होऊन जाते, माहिती मागाहून येते. आणि चित्र खोटं आहे हे कळलं तरी ‘असं दिसायला हवं’ ही अपेक्षा खरीच असते. आजूबाजूचे लोक कुणाचं कौतुक करतात ते तिला दिसत असतं. तुमची मुलगी ‘मला माहीत आहे’ म्हणाली ते उद्धटपणे नाही. तिला खरंच माहीत आहे आणि त्याने काही भागत नाही, हेही तिलाच सगळ्यात आधी कळलं आहे.

मग करायचं काय? फोन एकदम काढून घेऊ नका. शिक्षा झाली असं वाटलं की मुलगी तुमच्याशी या विषयावर बोलणं बंद करते, आणि तुमच्याकडचं सगळ्यात मोठं साधन तेच आहे. वेळ कमी करण्याचा उपयोग मात्र होतो. कॅनडात १७ ते २५ वयाच्या, मनाने त्रासलेल्या मुलामुलींवर एक प्रयोग झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सोशल मीडिया दिवसाला साधारण तासाभरावर आणला तेव्हा तीन आठवड्यांत स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दलची भावना सुधारली. तुमची मुलगी त्यांच्याहून लहान आहे, तेव्हा आकडा जसाच्या तसा लावू नका. पण ‘तीन आठवडे आपण दोघी करून बघू’ असं म्हणता येईल. दोघी, हे महत्त्वाचं. रात्री झोपताना फोन खोलीबाहेर, तुमचाही. आणि एकदा तिच्या शेजारी बसून तिचं फीड बघा, न बोलता. मग विचारा, यातलं काय बघून झाल्यावर तुला बरं वाटतं आणि काय बघून मन खट्टू होतं? दुसऱ्या प्रकारचं ‘नको’ म्हणून दाबायचं काम तिलाच करू द्या. काही दिवसांत फीड खरंच बदलायला लागतं, आणि ते बदलता येतं हे कळणंच तिच्यासाठी मोठं असतं.

‘प्रत्येक शरीर सुंदर आहे’ सांगणारी पानं तिच्या फीडमध्ये भरावीत का, असं बरेच पालक विचारतात. वजन कमी करायच्या व्हिडिओंपेक्षा ती नक्कीच बरी. पण तिथेही बोलणं शेवटी दिसण्यावरच येऊन थांबतं. मला त्याहून आवडतं ते फीडमध्ये शरीराशी संबंधच नसलेलं काही वाढवणं. तिला चित्रकला, प्राणी, कोडी, खगोल, जे काही आवडत असेल ते.

आता हिप डिप्सवरून चिडणाऱ्या मुलींच्या त्या रागाकडे येऊ. या विषयात प्रतिबंधाचे जे कार्यक्रम सर्वांत नीट तपासले गेलेत, त्यातला एक स्टाइस यांच्याच गटाने तयार केला. त्यात मुलींना उपदेश करत नाहीत. उलट मुलींनीच त्या आदर्शाविरुद्ध बोलायचं असतं. हा आदर्श पाळायला काय किंमत मोजावी लागते, फायदा कुणाचा होतो, लहान मुलीला याबद्दल पत्र लिहायचं तर काय लिहाल. आपल्याच तोंडून एखादी गोष्ट नीट पटवून दिली की मन तिच्या बाजूला सरकतं. घरी याची नक्कल करायची तर धडा घेतल्यासारखं करू नका. नात्यातल्या एखाद्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा विषय काढा : ‘ती परवा विचारत होती माझं पोट मोठं आहे का, तिला काय सांगू गं?’ तसं खरंच कुणी विचारलेलं असेल तरच हे म्हणा, खोटं या मुलींना लगेच कळतं. मग गप्प बसा. तुमची मुलगी जे उत्तर तयार करेल ते तुमच्या दहा भाषणांपेक्षा तिच्या उपयोगी पडेल. ते अर्धवट असलं, त्यात ‘थोडं बारीक असलेलं बरंच’ असं आलं, तरी मधेच दुरुस्त करू नका. ‘म्हणजे कसं?’ एवढंच विचारा.

घरातलं बोलणं हा यातला सर्वांत अवघड भाग, कारण तो आपल्या स्वतःशी निगडित आहे. आरशासमोर उभं राहून ‘किती सुटलेय मी’, पाहुणी आली की ‘अगं, काय बारीक झालीस, छान दिसतेस’, वजनकाट्यावर रोजची हजेरी. माध्यमं जे शिकवतात त्यावर घरात असं शिक्कामोर्तब होतं. कौतुकसुद्धा जपून. ‘बारीक झालीस’ हे कौतुक ज्या मुलीला मिळालं, तिला ते गमवायची भीती लागते. तिच्या वडिलांना आणि भावंडांना स्पष्ट सांगा की तिच्या अंगावरून, खाण्यावरून थट्टा पूर्ण बंद. प्रेमाने ठेवलेलं टोपणनावसुद्धा. घरच्यांनी सहज केलेली ही थट्टा मुली मोठेपणीही शब्दन्‌शब्द सांगू शकतात.

आणि शेवटी बास्केटबॉल. तो परत सुरू व्हावा म्हणून भरीला घालू नका, आधी का सोडला ते शोधा. ‘कंटाळा आला’ हे उत्तर मिळेल, त्यावर थांबू नका. बऱ्याचदा कारण अगदी साधं आणि कुणाला सांगायची लाज वाटणारं निघतं : शॉर्ट्स आखूड आहेत, पांढऱ्या कपड्यांत पाळीची भीती वाटते, खेळताना लागणारी योग्य ब्रा नाही, बाजूला बसलेली मुलं व्हिडिओ काढतात. यावर मोठ्या खेळाडूंनाही भांडावं लागलं आहे. २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना १,५०० युरो दंड झाला, त्यावर गदारोळ झाला आणि त्याच वर्षी नियम बदलला. विम्बल्डनने पाळीच्या काळजीमुळे २०२३ पासून महिला खेळाडूंना आतून गडद रंगाच्या शॉर्ट्स घालायची मुभा दिली. या दोन्ही गोष्टी तिला सहज बोलता बोलता सांगा, मग विचारा, ‘तुझ्या टीमचे कपडे तुला नीट होतात का?’ अडचण कपड्यांची असेल तर प्रशिक्षकांशी तुम्हीच बोला, तिला पुढे करू नका. व्हिडिओ काढणाऱ्यांची असेल तर शाळेशी. आणि यातलं काहीच नसेल, तिला फक्त त्या मैदानावर जायचं नसेल, तर दुसरं काही शोधा, ज्यात शरीर वापरायचं असतं आणि बघायला कुणी नसतं. टेकडी चढणं, सायकल, पोहणं; पोहणं नको असेल तर मार्शल आर्ट्स. तिने काय सांगितलं ते कळवा, म्हणजे पुढचं नेमकं बोलता येईल.